बरोसाच्या म्हाताऱ्या वेली

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरापासून ईशान्येला तासा-सव्वातासाच्या वाटेवर बरोसा खोरं लागतं. तिथल्या टनुंडा गावात ख्रिस्तियान आउरिख्ट या जर्मन स्थलांतरितानं १८४३ साली शिराझ या वाइनच्या द्राक्षाची बाग लावली. तिच्यातल्या काही वेली आजही फळ देतात. आपल्याकडे खाण्याच्या द्राक्षांची बाग पंधरा-वीस वर्षांत थकते आणि बागायतदार ती काढून नवी लावतो. त्यापुढे हे आयुष्य थक्क करणारं आहे.

शिराझ मूळची फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातली. तिथे तिला सिरा म्हणतात. जेम्स बस्बी यानं स्पेन आणि फ्रान्समध्ये फिरून जमवलेल्या काड्या, त्यांत शिराझच्याही, १८३२ मध्ये सिडनीला पोचल्या आणि या जातीला ऑस्ट्रेलियाचं ऊन मानवलं. पुढे १८६०च्या दशकापासून फिलॉक्सेरा या मुळं पोखरणाऱ्या किडीनं युरोपातल्या बागा उद्ध्वस्त केल्या. १८७७ मध्ये ती शेजारच्या व्हिक्टोरियात सापडली. दक्षिण ऑस्ट्रेलियानं मात्र बाहेरून येणाऱ्या वेलींवर कडक बंदी घालून तिला आजवर दूर ठेवलं आहे. म्हणूनच बरोसातल्या या जुन्या वेली कलमाच्या खुंटावर नाहीत, स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत.

किडीपासून वाचलेल्या वेलींवर १९८०च्या दशकात माणसांनीच कुऱ्हाड चालवली. द्राक्षं उदंड झाली, भाव पडला आणि सरकारनं बागा उपटण्यासाठी पैसे देऊ केले. शंभरी गाठलेल्या कित्येक बागा त्यात गेल्या.

ज्या वाचल्या, त्या शब्दाला जागणाऱ्या माणसांमुळे. पीटर लेहमन हे त्यांतलं ठळक नाव. नोकरी करत असलेल्या वाइनरीनं शेतकऱ्यांची द्राक्षं घ्यायचं नाकारलं, तेव्हा दिलेला शब्द मोडवेना म्हणून त्यांनी १९७९ मध्ये स्वतःचा उद्योग उभारला आणि ती द्राक्षं विकत घेतली. रॉकफर्ड, सेंट हॅलेट यांसारख्या वाइनरींनी जुन्या वेलींच्या वाइनला मान मिळवून दिला. वेलीला भाव मिळाला, तरच शेतकरी ती राखतो.

जुन्या वेलीची मुळं खोल गेलेली असतात, त्यामुळे कोरडवाहू बागही उन्हाळा सोसते. घड कमी लागतात आणि रसाला दाटपणा येतो. अशी वाइन जडच असते, हा मात्र गैरसमज आहे. द्राक्षं नीट पिकू दिली, साल आणि बियांचा तुरटपणा बेतानं उतरवला, नव्या ओकऐवजी वापरलेल्या पिंपांत मुरवली, की लाकडाचा वास फळावर चढत नाही. पिकलेला आलुबुखारा, ब्लॅकबेरी, किंचित मिरी अशी ती मऊ, रसाळ वाइन वर्षानुवर्षं साठवून ठेवावी लागत नाही. सोळा ते अठरा अंश तापमानाला, भाजलेल्या मटणाबरोबर ती खुलते.

शिराझ नाशिक, दिंडोरी भागातही चांगली रुजली आहे, पण तिथल्या वेली अजून तरुण आहेत.

बाटलीवरच्या ‘ओल्ड व्हाइन’ या शब्दांना ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात वयाची अट नाही. बरोसानं २००९ मध्ये स्वतःची सनद केली: पस्तीस वर्षांपुढची वेल ‘ओल्ड’, सत्तरीपुढची ‘सर्व्हायव्हर’, शंभरीपुढची ‘सेंटेनेरियन’, सव्वाशेपुढची ‘अँसेस्टर’. बाटली घेताना यांतला वर्ग किंवा लागवडीचं साल शोधा. ते छापलेलं असेल, तर त्या जुन्या बागेच्या राखणीला तुमचाही हातभार लागेल.