जुने संगणक पूर्ववत करताना स्क्रूची निवड

जुना संगणक पुन्हा चालू स्थितीत आणण्याचे काम हाती घेतले म्हणजे अभ्यासकाचे लक्ष प्रथम विद्युत्पुरवठा, स्मृती आणि मंडले यांकडे जाते, व ते स्वाभाविकही आहे. परंतु यंत्राचे आवरण उघडताच पहिली उणीव जाणवते ती बहुधा स्क्रूंची. एखादा पूर्वीच्या दुरुस्तीत गहाळ झालेला असतो, दुसरा गंजलेला असतो, आणि तिसऱ्याच्या जागी भलताच कोणता तरी स्क्रू जोर लावून पिळलेला असतो. एवढ्याशा वस्तूसाठी संशोधन ते काय करावयाचे, अशी शंका येणे शक्य आहे. तिचे उत्तर असे की, चुकीच्या स्क्रूने नुकसान होते ते स्क्रूचे नव्हे, तर तो ज्या भोकात शिरतो त्या भोकाचे. स्क्रू पुन्हा मिळतो. मूळ सांगाड्यात कारखान्याने पाडलेले आटे पुन्हा मिळत नाहीत. म्हणून स्क्रूची निवड हा बाजारहाटाचा प्रश्न नसून मापनाचा व पुराव्याचा प्रश्न आहे.

आट्यांच्या परंपरा

कोणत्याही स्क्रूच्या आट्यांचे वर्णन मुख्यतः तीन गोष्टींनी पूर्ण होते : बाहेरील व्यास, लगतच्या दोन शिखरांमधील अंतर म्हणजे पिच, आणि आट्यांच्या दोन बाजूंमधील कोन. या तिन्ही बाबतींत निरनिराळ्या देशांनी निरनिराळे नियम स्वीकारले.

इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये ५५ अंश कोनाच्या, गोलसर शिखरांच्या आट्यांची एकरूप पद्धती सुचविली. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये ६० अंशांची व सपाट शिखरांची पद्धती मांडली. घड्याळे, तारायंत्रे व मापनयंत्रे यांतील बारीक स्क्रूंना व्हिटवर्थची मापे सोयीची नव्हती. म्हणून ब्रिटिश असोसिएशनच्या समितीने १८८४ मध्ये स्विस थ्यूरी पद्धतीच्या आधारे ४७.५ अंशांची स्वतंत्र मालिका स्वीकारली. हीच 'बीए' मालिका होय. तिची रचना मोठी सुबक आहे. ० बीए स्क्रूचा व्यास ६ मिलिमीटर व पिच १ मिलिमीटर असून, पुढील प्रत्येक क्रमांकाची पिच आधीच्या ०.९ पट असते. मालिका ब्रिटिश, परंतु तिचे मूळ माप मेट्रिक, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. इंचांच्या पट्टीने बीए स्क्रू मोजणारास उत्तर कधीच नीट का मिळत नाही, याचे ते कारण आहे.

अमेरिका, ब्रिटन व कॅनडा या तीन देशांनी १९४८ मध्ये 'युनिफाइड' पद्धती मान्य केली. तिच्यात कोन ६० अंशांचा आहे, आणि लहान स्क्रूंची नावे '६-३२' अशा जोडअंकांनी दर्शविली जातात. पहिला अंक व्यासाचा क्रमांक व दुसरा दर इंचातील आट्यांची संख्या. क्रमांकाला ०.०१३ ने गुणून ०.०६० मिळविले म्हणजे व्यास इंचांत मिळतो. ६ क्रमांकाचा व्यास अशा रीतीने ०.१३८ इंच येतो. जपान व युरोपखंडातील यंत्रांत मेट्रिक माप आढळते. त्याचाही कोन ६० अंशांचाच आहे. मात्र १९६० च्या दशकापूर्वीच्या जपानी मानकानुसार ३ मिलिमीटर स्क्रूची पिच ०.६ मिलिमीटर असे. आजच्या 'एम ३' स्क्रूची ती ०.५ आहे. नाव व व्यास तेच असूनही हे दोन स्क्रू परस्परांची जागा घेऊ शकत नाहीत.

भारतातील अभ्यासकाला या भेदांकडे दुर्लक्ष करता येणार नाही. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५० च्या दशकाच्या मध्यास आलेला एचईसी-२एम हा संगणक ब्रिटिश होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये बसविलेला सीडीसी ३६०० अमेरिकन होता. आणि पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील मिन्स्क सोव्हिएत बनावटीचा होता. यंत्राची जन्मभूमी हा आट्यांविषयीचा पहिला सुगावा असतो; परंतु तो केवळ सुगावा होय, निर्णय नव्हे.

दिसावयास सारखे, वस्तुतः भिन्न

गोंधळ बहुधा ज्या स्क्रूंत होतो, त्यांची मापे पुढे दिली आहेत. सर्व आकडे मिलिमीटरमध्ये आहेत.

कोष्टक १
६-३२ : व्यास ३.५१, पिच ०.७९४, दहा आट्यांचे अंतर ७.९४, कोन ६०°
४ बीए : व्यास ३.६, पिच ०.६६, दहा आट्यांचे अंतर ६.६, कोन ४७.५°
एम ३.५ : व्यास ३.५, पिच ०.६, दहा आट्यांचे अंतर ६.०, कोन ६०°
१०-३२ : व्यास ४.८३, पिच ०.७९४, दहा आट्यांचे अंतर ७.९४, कोन ६०°
२ बीए : व्यास ४.७, पिच ०.८१, दहा आट्यांचे अंतर ८.१, कोन ४७.५°
४-४० : व्यास २.८४, पिच ०.६३५, दहा आट्यांचे अंतर ६.३५, कोन ६०°
एम ३ : व्यास ३.०, पिच ०.५, दहा आट्यांचे अंतर ५.०, कोन ६०°

पहिले तीन स्क्रू टेबलावर शेजारी ठेवले तर केवळ जाडीवरून त्यांतील भेद नजरेस येणे कठीण. आता ६-३२ च्या भोकात एम ३.५ घातला तर काय होईल ते पाहू. दोहोंच्या पिचमध्ये ०.१९४ मिलिमीटरचा फरक आहे. पहिल्या फेऱ्यात तो आट्यांमधील सैलपणात सामावून जातो. परंतु दुसरा फेरा पूर्ण होण्याच्या सुमारास तो पिचच्या अर्ध्याच्या आसपास पोचतो, म्हणजे स्क्रूचे शिखर भोकातील शिखरावर येऊन बसते. येथे स्क्रू अडतो. 'गंज असेल' अशा समजुतीने स्क्रू-ड्रायव्हरवर जोर दिला की, कठीण धातूचा स्क्रू मऊ ॲल्युमिनियमच्या किंवा पातळ पत्र्याच्या भोकात स्वतःचे आटे कोरीत पुढे जातो. तो बसल्यासारखा वाटतो. परंतु त्यानंतर त्या भोकात ना जुना स्क्रू टिकतो, ना नवा.

१०-३२ व २ बीए यांची गोष्ट अधिक फसवी आहे. त्यांच्या दहा आट्यांच्या अंतरात केवळ ०.१६ मिलिमीटरचा फरक आहे. लहान लांबीच्या नटमध्ये ते एकमेकांच्या जागी चालून जातात, आणि त्यामुळेच जुन्या कार्यशाळांत त्यांची सर्रास सरमिसळ झालेली आढळते. परंतु कोन भिन्न असल्याने दोन्ही आट्यांच्या बाजू पूर्ण टेकत नाहीत. सर्व भार थोड्याशा कडेवर पडतो.

एकाच पेटीत दोन मापे

आयबीएमने १९८१ मध्ये वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्याच्या धर्तीवर पुढे निघालेल्या यंत्रांत मापांची सरमिसळ जणू नियमच होऊन बसली. आवरणाचे, विद्युत्पुरवठ्याचे व विस्तारपट्ट्यांचे स्क्रू सामान्यतः ६-३२ मापाचे असतात. साडेतीन इंची हार्ड डिस्कही ६-३२ स्क्रूंनी बसविली जाते. परंतु तिच्याच शेजारची साडेतीन इंची फ्लॉपी ड्राइव्ह एम ३ स्क्रू मागते, आणि मागील बाजूस जोडण्यांच्या दोन्ही अंगांचे षट्कोनी खिळे ४-४० मापाचे असतात. हा प्रकार लहरीचा नव्हे. हार्ड डिस्कची परंपरा अमेरिकन कारखान्यांत वाढली, तर साडेतीन इंची फ्लॉपीचा उगम जपानमध्ये सोनी कंपनीकडे झाला. प्रत्येक भागाने आपल्या जन्मभूमीचे माप बरोबर आणले. म्हणून यंत्रावरील नाममुद्रा पाहून सर्व स्क्रू एकाच मापाचे मानणे चूक ठरते. प्रत्येक भागाची स्वतंत्र चौकशी करावी लागते.

मापनाची रीत

नमुन्याचा एक जरी मूळ स्क्रू हाती असला तरी काम सोपे होते. प्रथम तो स्वच्छ करून व्हर्नियर कॅलिपरने बाहेरील व्यास घ्यावा. झिजेमुळे तो नाममात्र व्यासापेक्षा किंचित कमी येतो. नंतर एकाच पिचवर विसंबून न राहता शक्य तितक्या आट्यांचे अंतर मोजून त्यास संख्येने भागावे. चूकही त्याच प्रमाणात विभागली जाते. शेवटी पिच गेजचे पाते आट्यांवर ठेवून उजेडासमोर धरावे. पात्याच्या व आट्यांच्या मधून उजेड दिसला, तर पिच जुळूनही कोन जुळत नाही असे समजावे. २ बीए व १०-३२ यांचा निवाडा याच कसोटीने होतो.

मात्र भोकातून निघालेला स्क्रू हाच मूळ स्क्रू असेल असे गृहीत धरू नये. तो पूर्वीच्या दुरुस्तीतील उपरा असू शकतो. यासाठी तीन साक्षी जुळवून पाहाव्यात : त्या ओळीतील इतर स्क्रू, यंत्राच्या दुसऱ्या अंगाचे समरूप भोक, आणि निर्मात्याच्या देखभालपुस्तिकेतील सुट्या भागांची यादी. तिन्ही एकमुखाने बोलल्या तरच निष्कर्ष पक्का.

मूळ स्क्रू एकही नसेल, तर ज्ञात मापाचे स्क्रू भोकात अनुक्रमे लावून पाहावेत. ते केवळ बोटांनी, आणि लहान व्यासापासून मोठ्याकडे. योग्य स्क्रू चार-पाच फेरे बोटांनीच सहज जातो व आडवा हलत नाही. सैल डुलणारा आणि दोन फेऱ्यांत अडणारा, असे दोन्ही त्याज्य. चाचणीसाठी टॅप कधीही वापरू नये. टॅप भोकाला प्रश्न विचारीत नाही, त्याचे उत्तरच बदलतो.

डोके, लांबी आणि धातू

आटे जुळले म्हणजे काम संपले असे नाही. काउंटरसंक डोक्याचा कोन अमेरिकन स्क्रूंत ८२ अंश, तर मेट्रिक स्क्रूंत ९० अंश असतो. एकाच्या खळग्यात दुसरा घातला तर तो केवळ कडेवर टेकतो. सपाट बैठकीच्या डोक्याचा स्क्रू डोक्याखालून मोजावा, काउंटरसंक मात्र डोक्यासह. ही भूल लहान दिसली तरी तिचा परिणाम मोठा असतो, कारण दोन मिलिमीटर अधिक लांबीचा स्क्रू आतील मंडलावर टेकून त्याचा घात करू शकतो. डोक्यावरील अधिक-चिन्हाकृती खाचही एकच नव्हे. फिलिप्स, पॉझिड्राइव्ह व जपानी मानकाची खाच या तीन निराळ्या आहेत, आणि जपानी स्क्रूवर फिलिप्सचे टोक निसटून खाच खरवडते. १९८४ च्या मॅकिंटॉशच्या मुठीखालील खोल स्क्रूंना तर टॉर्क्स टी १५ चे लांब हत्यारच लागते.

धातूचा विचार विद्युत्सुरक्षेशी निगडित आहे. अनेक यंत्रांत सांगाड्याचे भूसंयोजन स्क्रूंमधूनच होते. रंग दिलेल्या पत्र्यावर दातेरी वॉशर असतो तो शोभेसाठी नव्हे. त्याचे दाते रंगाचा थर भेदून धातूशी संपर्क साधतात. त्याजागी साधा वॉशर घातला तर स्क्रू घट्ट बसेल, यंत्र चालेल, आणि तरीही त्याचे आवरण भूमीशी जोडलेले नसेल. अशा यंत्रात बिघाड झाल्यास त्याला स्पर्श करणाराच्या जिवाशी गाठ पडते. म्हणून स्क्रू बदलल्यावर आवरण व भूतार यांमधील रोध वीज जोडण्यापूर्वी मोजणे अनिवार्य समजावे. ओलसर हवेत ॲल्युमिनियममध्ये बसविलेला स्टेनलेस स्टीलचा स्क्रूही भोवतालचा ॲल्युमिनियम कुरतडतो. मुंबईसारख्या ठिकाणी हे विसरून चालणार नाही. जुन्या स्क्रूंवर कॅडमियमचा विषारी मुलामा असू शकतो, तेव्हा ते घासून चकचकीत करू नयेत.

कमोडोर ६४ सारख्या १९८२ च्या घरगुती संगणकांत स्क्रू प्लास्टिकमध्येच आटे पाडून बसलेले असतात. ते परत लावताना प्रथम उलटे फिरवावेत. हलकासा 'टक्' असा स्पर्श जाणवला की स्क्रू जुन्या आट्यात उतरला. मग सुलटे फिरवावे. ही खबरदारी न घेतल्यास दर वेळी नवे आटे पडून ठिसूळ झालेले प्लास्टिक तडकते.

नोंद आणि मर्यादा

भोक आधीच बिघडले असेल तर ते मोठे करून जाड स्क्रू घालण्याचा मोह आवरावा. तारेच्या आटेदार गुंडाळीचा उपाय करता येतो. तिच्यासाठीही भोक थोडे कोरावे लागते, परंतु मूळ मापाचा स्क्रू वापरणे पुन्हा शक्य होते. जे काही केले जाईल त्याची तारीख, जागा व माप यांसह नोंद ठेवावी, आणि काढलेला स्क्रू, तो चुकीचा असला तरी, लेबल लावून जतन करावा. पूर्वीच्या दुरुस्त्याही यंत्राच्या इतिहासाचाच भाग आहेत.

एवढ्या काटेकोरपणाची गरज का, हे ब्लेचली पार्क येथील संगणक संग्रहालयातील दोन यंत्रे पाहिली म्हणजे कळते. केंब्रिजचा १९४९ चा एडसॅक मोडून टाकण्यात आला होता, म्हणून तेथे त्याची प्रतिकृती उभारण्याचे काम हाती घ्यावे लागले. हारवेलचा १९५१ चा डेकाट्रॉन संगणक मात्र मूळ रूपात वाचला, व २००९ ते २०१२ या काळातील परिश्रमांनंतर तो पुन्हा चालू झाला. प्रतिकृतीत एखादे भोक बिघडले तर नवा पत्रा कापता येतो. मूळ यंत्रात तसे करता येत नाही, कारण त्या पत्र्यावरील प्रत्येक आटा हा ते यंत्र बनविणाऱ्या कारागिरांच्या हातचा दस्तऐवज आहे. दस्तऐवजावर खाडाखोड करण्याचा अधिकार संशोधकाला नाही. आणि स्क्रू-ड्रायव्हर हाती घेतलेला मनुष्य त्या क्षणी संशोधकच असतो.