स्कीइंगसाठी पाय घडवताना

हिवाळ्यात गुलमर्गला किंवा औलीला स्कीइंग शिकायला जायचं ठरलं की बरेच जण सकाळी पळायला लागतात. दम वाढतो, ते चांगलंच. पण बर्फावर पहिल्याच दुपारी आधी थकतात त्या मांड्या, कारण तिथे स्नायूंना पडणारं काम पळण्यापेक्षा वेगळं असतं.

गड चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत जोर लावतो. स्कीवर उताराला लागलं की गुडघे वाकलेले असतात. प्रत्येक वळणाचा भार ते आणखी वाकवू पाहतो, आणि स्नायूला ताणलं जात असतानाच तो भार पेलावा लागतो. सिंहगड किंवा राजगड उतरतानाही स्नायू असंच काम करतात. म्हणून तर चढताना दम लागतो, पण पाय लटपटतात ते उतरताना. सवय नसेल तर पुढचे दोन-तीन दिवस जिना उतरणंही जड जातं. मात्र शरीर यातून लवकर शिकतं: असं काम एकदा पडलं की नंतरचे काही आठवडे त्याच कामाचा त्रास बराच कमी होतो. तेव्हा सराव उतरण्याचा करावा, आणि निघण्याच्या निदान ८ आठवडे आधी सुरू करावा.

पहिल्या ३ आठवड्यांत, एका दिवसाआड, तीन व्यायाम पुरेत. पहिला पायरीचा. जिन्याच्या पायरीवर एका पायावर उभं राहा, दुसरा पाय पुढे अधांतरी ठेवा. चार आकडे मोजत उभ्या पायाचा गुडघा वाकवा, अधांतरी पायाची टाच खालच्या पायरीला अलगद टेकवा आणि परत वर या. समोर आरसा असू द्या. गुडघा पावलाच्या रेषेत राहिला पाहिजे. तो आत झुकत असेल तर कमरेच्या बाजूचे स्नायू कमी पडताहेत असं समजा आणि कमी उंचीची पायरी घ्या. प्रत्येक पायाने ८ वेळा, असे ३ फेरे. दुसरा, भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसल्यासारखं ३० ते ६० सेकंद थांबणं. तिसरा, उताणं झोपून, गुडघे उभे करून कंबर उचलणं. यातून नितंब आणि मांडीचा मागचा स्नायू बळकट होतो. हा मागचा स्नायू नडगीचं हाड पुढे सरकू देत नाही. गुडघ्यातल्या एसीएल या अस्थिबंधाचंही तेच काम, आणि स्कीइंगच्या गंभीर दुखापतींत एसीएल तुटणं ही नेहमीची दुखापत आहे.

पुढच्या ३ आठवड्यांत पाठीवर सॅक घेऊन लंजेस करा, म्हणजे एक पाय लांब टाकून गुडघा वाकवत खाली जा आणि परत या, पुढे आणि बाजूलाही. नवशिक्यांना स्की पायात घालून आडव्या पावलांनी उतार चढावा लागतो, तेव्हा बाजूच्या लंजेसचा उपयोग कळतो. शनिवार-रविवारी गडावर जात असाल तर उतरताना घाई करू नका. खरा व्यायाम तिथेच आहे.

शेवटच्या २ आठवड्यांत एका रेषेवरून डावी-उजवीकडे छोट्या उड्या मारा. मिनिटभर उड्या, मिनिटभर विश्रांती. आवाज न करता, गुडघे वाकवून उतरायचं. दम वाढवणारं पळणं किंवा सायकल आठही आठवडे चालू ठेवा, कारण गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपटीच्या आसपास असतो. मात्र पळण्याने उंचीची सवय होत नाही. त्यासाठी पोचल्यावर पहिला दिवस सावकाश घालवायला हवा. निघण्याआधीचे ३-४ दिवस जड व्यायाम बंद. गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर सुरुवातीलाच फिजिओथेरपिस्टला दाखवा.

एवढ्या तयारीने तंत्र येत नाही. ते प्रशिक्षकच शिकवतात. पण मांड्या थकल्या की शरीर आपोआप मागे रेलतं. मग स्कीच्या पुढच्या भागावर भार राहत नाही, वळण हातातून सुटतं आणि गुडघा धोक्यात येतो. पाय तयार असले तर दुपारच्या सत्रातही नडग्या बुटाच्या पुढच्या भागाला टेकवून उभं राहता येतं, आणि प्रशिक्षक सांगतात ते करून पाहण्याइतकी ताकद शिल्लक राहते.