मोकळ्या गप्पा आणि बियाण्याचा नारळ

भाट्याच्या सुरूबनांत सायंकाळीं वाऱ्याला बसलेल्या तीन-चार तरुणांचें बोलणें कानीं पडलें, तर एखाद्या वडीलधाऱ्या गृहस्थास तो निव्वळ कालापव्यय वाटेल. "अरे, बाद झालेल्या लॅपटॉपवर लिनक्स घातलें, आतां तो टुणटुणीत झाला." "झाला खरा, पण प्रिंटर तुझें ऐकतो का?" "तो कोणाच्या बापाचें ऐकत नाहीं, माझें काय ऐकणार!" असा संवाद चालतो, मधून हंशा पिकतो, आणि काजळीच्या मुखाशीं भरतीची ओहोटी झाली तरी बैठक उठत नाहीं. प्रिंटरचें हें गाऱ्हाणें मात्र क्षुल्लक समजूं नये. ओपन सोर्सच्या, म्हणजे मुक्त आज्ञावलीच्या, चळवळीचा उगम सांगतांना अशाच एका प्रिंटरची गोष्ट सांगतात.

संगणकास काय करावें हें सांगणारी आज्ञावली प्रथम माणसास वाचतां येईल अशा भाषेंत लिहितात. तीच पुढें यंत्राच्या आंकड्यांत उतरवून गिऱ्हाइकास देतात. ही उतरविलेली प्रत चालते उत्तम; परंतु तिच्यांत चूक निघाली तर ती उकलून दुरुस्त करणें जवळजवळ अशक्य. याचा दाखला शोधावयास भाट्याबाहेर जावें लागत नाहीं. येथें १९५५ पासून नारळ संशोधन केंद्र आहे. खवलेलें खोबरें आमटीस चव देईल, पण त्यास कोंब फुटणार नाहीं; बियाण्याचा नारळ मिळाला तर रोप होतें, रोपांची वाडी होते, शेजाऱ्यासही चार नारळ देतां येतात. मुक्त आज्ञावलींत मूळ मजकुराचा हा बियाण्याचा नारळ हातीं येतो. शिवाय तो लावण्याची, सुधारण्याची व वांटण्याची परवानगी लेखी मिळते. 'मुक्त' म्हणजे 'फुकट' हा समज बरोबर नाहीं; ती किंमत घेऊनही विकतां येते.

अमेरिकेंत एम.आय.टी. या संस्थेंत रिचर्ड स्टॉलमन काम करीत. तेथील नव्या प्रिंटरमध्यें कागद अडकला कीं दूर बसलेल्यास तें कळत नसे. जुन्या यंत्रांत त्यांनीं स्वतः तशी सोय केली होती. नव्याची मूळ आज्ञावली मागितली, तेव्हां नकार मिळाला. १९८३ सालीं त्यांनीं ग्नू योजना जाहीर केली, आणि १९८९ सालीं तिचा सार्वजनिक परवाना निघाला. ऑगस्ट १९९१ मध्यें हेलसिंकीच्या लिनस टॉरवल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें हौशी मंडळींस कळविलें कीं, आपण छंद म्हणून एक प्रणाली रचीत आहों, फार मोठें कांहीं होणार नाहीं. तुम्हांस काय हवें तें सांगा. ह्या गप्पाच होत्या! नोव्हेंबर २०१७ पासून जगांतील पहिल्या ५०० महासंगणकांवर लिनक्सच आहे, आणि अँड्रॉइड मोबाइलच्या गाभ्यांतही.

मराठी घरास याचें काय, असें कोणी विचारील. १९९० नंतरच्या दशकांत मराठी मजकूर ज्याच्या त्याच्या खाजगी टंकांत, म्हणजे फाँटमध्यें, जुळविला जाई. तो टंक नसलेल्या संगणकावर त्याची रोमन अक्षरांची खिचडी होई. बापानें लिहिलेलें आत्मचरित्र मुलास वाचतां येऊं नये, यापरतें दुर्दैव कोणतें? युनिकोडमुळें अक्षरांस सर्वमान्य क्रमांक मिळाले, पण रूप काढावयाचें तें टंकानेंच. 'दर्या' आणि 'दऱ्या' हे शब्द पाहावे. पहिल्यांत रफार आहे, दुसऱ्यांत आडवा र. टंककर्त्यास हा भेद ठाऊक नसेल तर डोंगरांतल्या दऱ्या बिघडतात. टंक बंदिस्त असल्यास मालकाची मर्जी होईपर्यंत वाट पाहावी. मुक्त असल्यास जाणकारानें स्वतः दुरुस्त करावा. लोहित हा टंक २००४ सालीं असा मुक्त झाला. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा टंकही मुक्त आहे. त्याच्याच देवनागरीवरून पुढें मुंबईच्या आय.आय.टी.त संस्कृतास उपयोगी असा शोभिका टंक तयार झाला. कोणाची मनधरणी करावी लागली नाहीं. तशी मुभा परवान्यांतच होती.

सुरूबनांतल्या मंडळींत एक उणें मात्र दिसतें. नवा मोबाइल कोणता घ्यावा यांत दोन तास जातात, आणि कोणतें जोडाक्षर कोठें तुटलें हें टंककर्त्यास कळवावयाचें राहून जातें. त्यास संगणकशास्त्र लागत नाहीं; तो शब्द, टंकाचें नांव आणि पडद्याचें छायाचित्र एवढें पुरतें.