समांतर गर्डर: पडद्यावर आणि खांबांवर

रत्नागिरी जिल्ह्यातून जाणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गावरचा एखादा नवा पूल खालून पाहा. शेजारीशेजारी मांडलेले गर्डर दिसतील आणि त्यांना मधूनमधून बांधणाऱ्या आडव्या तुळया, म्हणजे डायाफ्राम. संगणकावर याचं मॉडेल करणं सोपं वाटतं: चार उभ्या रेषा, पाच आडव्या. घोळ तिथूनच सुरू होतो.

पहिला समज असा, की रेषा एकमेकींना छेदताना दिसल्या म्हणजे त्या जोडल्या गेल्या. तसं नसतं. बल एका घटकातून दुसऱ्यात जातं ते दोघांच्या सामायिक नोडमधून, म्हणजे सांध्यातूनच. काही सॉफ्टवेअर छेदबिंदूवर आपोआप नोड घालतात. स्टॅड या सॉफ्टवेअरमध्ये ते मुद्दाम करावं लागतं. नाही केलं, तर चित्र नीटनेटकं दिसतं आणि गर्डर मात्र एकेकटे वाकतात.

दुसरा समज सगळ्यात चिवट: जोडले, की भार सारखा वाटला जातो. कोकणातला जुना साकव आठवा. पोफळीचे दोन सोट शेजारी टाकले आणि एकावर पाय दिला, तर तोच दबतो. आडव्या पट्ट्या ठोकल्या, की दुसराही मदतीला येतो. पण पाय ज्याच्यावर, त्याच्यावर जास्त भार राहतोच. पुलाचंही तसंच. अडीच मीटर अंतरावर तीन गर्डर आहेत आणि भार मधल्या गर्डरपासून सव्वा मीटर बाजूला आहे, असं धरा. आडव्या तुळया अगदी ताठ मानणाऱ्या कूर्बाँच्या सूत्राने त्या बाजूच्या गर्डरवर 58 टक्के, मधल्यावर 33 टक्के आणि पलीकडच्यावर जेमतेम 8 टक्के भार येतो. तुळया लवचीक असतील, तर वाटप आणखी विषम होतं. ग्रिलेज, म्हणजे तुळयांच्या जाळीच्या, पद्धतीने मॉडेल करायचं ते हे वाटप कळावं म्हणूनच. त्यात स्लॅबचा आणि गर्डरचा पीळ-प्रतिकार ढोबळ आकड्याने भरला, तर सगळी मेहनत वाया.

‘दोन तुळया म्हणजे दुप्पट ताकद’ हे अर्धसत्य आहे. दोन सारख्या फळ्या एकीवर एक नुसत्या ठेवल्या, तर ताठरपणा एकीच्या दुप्पट होतो. त्याच फळ्या अजिबात सरकणार नाहीत अशा पक्क्या केल्या, तर ताठरपणा आठपट आणि वाकण्यातली ताकद चौपट. गर्डर आणि वरचा स्लॅब यांचं नातं हेच आहे. मॉडेलमध्ये दोघांच्या मध्यरेषा एकाच पातळीवर ठेवल्या आणि ऑफसेट द्यायचं राहिलं, तर हा फायदा उत्तरात उतरतच नाही.

मग ‘रिजिड लिंक टाका, काम संपलं’ असं म्हणणारे भेटतात. लिंक म्हणून अवाढव्य ताठरपणाचा खोटा घटक घातला, तर गणितात आकडेमोडीच्या चुका शिरतात. त्यासाठी सॉफ्टवेअरमधली मास्टर-स्लेव्ह सोय बरी. आणि जिथे खरी जोडणी लवचीक आहे, तिथे लिंक तिच्यावर येणारं बलच लपवते. हे दुर्लक्ष महागात पडतं. 29 ऑगस्ट 1907 रोजी कॅनडातला बांधकामाधीन क्वेबेक पूल कोसळून 75 कामगार गेले. त्याचे खालच्या बाजूचे, दाब सोसणारे घटक समांतर पोलादी पाट्यांचे होते आणि त्यांना एकत्र धरणारी जाळी, म्हणजे लेसिंग, कमकुवत होती. पोलादी बांधकामाच्या आपल्या आयएस 800:2007 या संहितेतही लेसिंगच्या खांबाची सडपातळता 5 टक्क्यांनी आणि बॅटनच्या, म्हणजे आडव्या पट्ट्यांनी जोडलेल्या, खांबाची 10 टक्क्यांनी वाढवून धरावी लागते, कारण जोडणी कधीच पूर्ण ताठ नसते.

‘पुरा झालेला पूल तपासला, म्हणजे झालं’ हाही समजच. 16 ऑक्टोबर 2023 ला चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचे गर्डर कोसळले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. त्याची कारणमीमांसा हा वेगळा विषय आहे. पण कुठल्याही पुलाच्या उभारणीत काही दिवस असे असतात, की गर्डर बेअरिंगवर बसलेले असतात आणि डायाफ्राम व स्लॅब अजून ओतलेले नसतात. तेव्हा समांतर गर्डर हे सुटे गर्डरच असतात. त्या टप्प्याचं मॉडेल वेगळं, जोडण्या काढून, करावं लागतं.

तपासणीची एक साधी रीत आहे. एकाच गर्डरच्या मध्यावर 100 किलोन्यूटन भार ठेवा आणि उत्तर कूर्बाँच्या हातगणिताशी ताडून पाहा. मग डायाफ्राम काढून पुन्हा चालवा. शेजारच्या गर्डरची वाक आधीइतकीच राहिली, तर ते डायाफ्राम मुळात जोडलेलेच नव्हते.