गॅसचा वास आल्यास दिवा लावू नका!
रात्री स्वयंपाकघरातून गॅसचा वास आला की हात सवयीने दिव्याच्या बटणाकडे जातो. खरा धोका तिथेच असतो. एलपीजी मुळात गंधहीन; गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन हे उग्र वासाचे रसायन मिसळतात. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे २ टक्के झाले, तरी बटणातील ठिणगीने भडका उडू शकतो. म्हणून दिवा, पंखा वा एक्झॉस्ट फॅन लावू नये. चालू असल्यास बंदही करू नये. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या सताड उघडाव्यात. घरातील सर्वांना बाहेर न्यावे आणि बाहेर गेल्यावरच १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर दूरध्वनी करावा.