दादागिरी करणारा एक, बघणारे चार

"मुलं आहेत, चालायचंच." आपल्या मुलाला शाळेत कुणीतरी छळतंय अशी तक्रार घेऊन गेलेल्या आईवडिलांना हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. तक्रार आपल्या मुलाविरुद्ध आली, की तेच आईवडील स्वतः हे वाक्य म्हणतात. या विषयावर प्रत्येकाचं मत तयार असतं, आणि ते बहुधा स्वतःच्या शाळेच्या दिवसांवर बेतलेलं असतं. पण गेली पन्नासेक वर्षं जगभर शाळेतल्या छळाचा रीतसर अभ्यास चालू आहे, आणि त्यातून हाती लागलेल्या बऱ्याच गोष्टी आपल्या मतांच्या विरुद्ध जातात.

गैरसमज : ही तर साधी थट्टामस्करी

थट्टा आणि छळ यांतला फरक ओळखण्याच्या तीन खुणा नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डान ओल्वेउस यांनी सांगितल्या. कृत्य मुद्दाम केलेलं असतं, ते पुन्हा पुन्हा होतं आणि दोन्ही बाजूंचा जोर सारखा नसतो. यातली तिसरी खूण सगळ्यात महत्त्वाची. दोन मित्र एकमेकांना 'जाड्या' आणि 'काड्या' म्हणत असतील आणि दोघंही हसत असतील, तर तिथे मोठ्यांचं काही काम नाही. पण पाच जण मिळून रोज एकालाच 'जाड्या' म्हणत असतील आणि त्याला उलट बोलायची सोयच नसेल, तर शब्द तोच असला तरी तो छळ आहे. आपल्या वर्गांत त्यासाठी कारणं तरी काय लागतात? रंग, वजन, अडखळत बोलणं, एखाद्या मुलाची नाजूक चाल, 'पाणी'ऐवजी तोंडून निघालेलं 'पानी', आणि आडनावावरून काढलेली जात. युनेस्कोच्या २०१९च्या अहवालानुसार जगातल्या जवळजवळ दर तीन विद्यार्थ्यांपैकी एकाला मागच्या महिनाभरात सोबतच्या मुलांकडून त्रास झाला होता. मुलांनी स्वतः सांगितलेल्या कारणांत 'दिसणं' सर्वांत वर होतं.

नॉर्वेतही आधी "चालायचंच" होतं. १९८२च्या अखेरीस देशाच्या उत्तर भागात दहा ते चौदा वर्षांच्या तीन मुलांनी जीव दिला आणि त्यामागे शाळेतला छळ असल्याचं पुढे आलं. त्यानंतर, १९८३मध्ये, सरकारने देशभरातल्या शाळांसाठी मोहीम हाती घेतली.

"अशानेच मुलं घट्ट होतात" हा याच समजुतीचा जुळा भाऊ. ब्रिटनमध्ये १९५८ सालच्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांची आयुष्यभर नोंद ठेवली गेली आहे. त्यांतल्या साडेसात हजारांहून अधिक जणांची माहिती तपासून २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सातव्या आणि अकराव्या वर्षी वारंवार छळ सोसलेल्यांमध्ये वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीही नैराश्य आणि चिंता यांचं प्रमाण इतरांहून जास्त आढळलं. काही जण घट्ट होतही असतील, पण त्या भरवशावर कुणाला सोडून देता येत नाही.

गैरसमज : एकाला दोन ठेवून दिल्या की प्रश्न मिटतो

हा सल्ला बहुतेक वडिलांकडून येतो आणि त्यामागे माया असते हे खरं. पण ज्याला दोन ठेवून देता येतात त्याच्या वाट्याला सहसा कुणी जातच नाही. छळणारा मुलगा आधी अंदाज घेतो. कुणाच्या मागे माणसं नाहीत आणि कोण घरी काही बोलणार नाही, हे त्याला बरोबर कळतं. तो घरी मार खाणारा, एकटा, मनातून घाबरट असतो असंही आपण समजतो. काही जण तसे असतात. पण बरेचसे वर्गात वट असलेले, बोलण्यात तरबेज आणि शिक्षकांसमोर शहाण्यासारखे वागणारे असतात. शिवाय रोज सोसणाऱ्या मुलाने एखाद्या दिवशी संतापून हात उचललाच, तर शिक्षकांना दिसतो फक्त तो हात. शिक्षा त्यालाच होते आणि वर्गाला आणखी एक विनोद मिळतो.

गैरसमज : प्रश्न त्या दोघांचा, बघणाऱ्यांचा काय संबंध?

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हा आहे. टोरोंटोतल्या संशोधकांनी प्राथमिक शाळांच्या मैदानांवर कॅमेरे आणि मुलांच्या अंगावर छोटे माइक लावून छळाचे प्रसंग जसे घडले तसे टिपले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रत्येक प्रसंगाला सरासरी चार मुलं प्रेक्षक म्हणून हजर होती. निम्म्याहून जास्त वेळ ती नुसती बघत होती. सुमारे एक पंचमांश वेळ ती छळणाऱ्यालाच सामील झाली होती. त्याच गटाच्या २००१मधल्या अभ्यासात ८८ टक्के प्रसंगांत इतर मुलं हजर होती, पण मध्ये पडली ती फक्त १९ टक्के प्रसंगांत. मात्र कुणी मध्ये पडलं, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा दहा सेकंदांच्या आत प्रकार थांबला.

किशोरवयात मध्ये पडणं जास्त अवघड होतं हे मान्य करायला हवं. उद्या आपला नंबर लागेल ही भीती असते, आणि सगळे हसताहेत म्हणजे सगळ्यांना हे पटतंय असा समजही होतो. प्रत्यक्षात हसणाऱ्यांपैकी अनेकांना आतून ते आवडत नसतं. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठाच्या क्रिस्तिना साल्मिवाल्ली यांनी १९९०च्या दशकात या गर्दीतल्या भूमिका वेगवेगळ्या करून दाखवल्या. कुणी छळणाऱ्याला हातभार लावतो, कुणी हसून चढवतो, कुणी लांब राहतो आणि कुणी त्रास होणाऱ्याची बाजू घेतो. त्यांच्या अभ्यासातून असंही दिसलं की ज्या वर्गात चढवणारे जास्त, तिथे छळही जास्त. याच विचारावर बेतलेला 'किवा' नावाचा कार्यक्रम २००९पासून फिनलंडभरच्या शाळांत सुरू झाला. त्यात एका 'गुंड' मुलाला सुधारण्याइतकाच भर उरलेल्या वर्गावर असतो.

कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात २००७ साली जे घडलं ते बघणाऱ्यांनी बाजू घेतली की काय होतं याचं उत्तम उदाहरण आहे. नववीतला एक मुलगा शाळेच्या पहिल्या दिवशी गुलाबी शर्ट घालून आला आणि काही मुलांनी त्याला 'तसला' म्हणून धमकावलं. बारावीतल्या डेव्हिड शेफर्ड आणि ट्रॅव्हिस प्राइस या दोघा मित्रांच्या हे कानावर आलं. त्यांनी कुणाची गचांडी धरली नाही. स्वस्ताच्या दुकानातून पन्नासेक गुलाबी शर्ट विकत आणले, रात्री वर्गमित्रांना निरोप धाडले आणि पुढे शेकडो मुलं गुलाबी कपड्यांत शाळेत आली. त्या घटनेतून सुरू झालेला 'गुलाबी शर्ट दिवस' आज कॅनडाभर पाळला जातो. छळणाऱ्यांना कुणी हातही लावला नव्हता. त्यांचे प्रेक्षक मात्र त्यांच्या बाजूला उरले नाहीत. आणि हेही विसरू नये, की सुरुवात करणारे दोघं होते. एकट्याला हे सुचलं असतं तरी बहुधा धीर झाला नसता.

गैरसमज : खरा मित्र तोच जो भिडतो

सिनेमातला मित्र कॉलर धरतो. प्रत्यक्षातल्या मुलांना काय उपयोगी पडतं ते अमेरिकेत पाचवी ते बारावीच्या तेरा हजारांहून अधिक मुलांना विचारण्यात आलं. त्रास झालेल्या मुलांनी ज्या गोष्टींचा सर्वाधिक उपयोग झाला म्हणून सांगितलं, त्या अगदी साध्या होत्या : कुणीतरी सोबत बसलं, बोललं, तिथून बाजूला काढलं, नंतर घरी फोन केला. छळणाऱ्याला दरडावण्याचा उपयोग त्यामानाने कमी झाला होता.

म्हणजे दहावीतल्या मुलीला आपल्या वर्गात हे सहज करता येतं. मधल्या सुट्टीत डबा घेऊन त्रास सोसणाऱ्या मुलीच्या बाकावर जायचं. टोमणे सुरू झाले की "चल गं, पाणी प्यायला येतेस?" म्हणून तिला उठवायचं. शाळा सुटल्यावर सायकल स्टँडपर्यंत सोबत जायचं. तिला वगळून वर्गाचा नवा व्हॉट्सअॅप ग्रुप निघाला असेल, तर तिथे हसणाऱ्या चेहऱ्याचा इमोजी टाकायचा नाही. यात शौर्य दिसत नाही, पण एकही जवळचा मित्र नसलेल्या मुलाचा छळ वाढत जातो आणि एक चांगला मित्र असला तरी ती साखळी तुटू शकते, असं १९९९च्या एका कॅनेडियन अभ्यासातही दिसलं होतं.

गैरसमज : सरांना सांगणं म्हणजे चहाडी

दुसऱ्याला शिक्षा व्हावी म्हणून सांगणं ही चहाडी. कुणाचा तरी त्रास थांबावा म्हणून सांगणं ही मदत, आणि ती मित्रानेही करावी. अमेरिकेतल्या त्याच पाहणीत मुलांनी सांगितलं होतं, की "चहाड्या करू नकोस" असं मोठ्यांनी म्हटल्यावर बऱ्याचदा त्रास आणखी वाढला. बाई-सरांनी हे ध्यानात घ्यावं. त्यातही छळणारा आणि छळलेला यांना समोरासमोर उभं करून "हात मिळवा, विषय संपला" करू नये. जोर असमान असताना तो समेट होत नाही. दोघांशी वेगवेगळं बोलावं, आणि काही आठवड्यांनी पुन्हा विचारावं.

शाळा दाद देत नसेल तर पालकांच्या हाती कायदाही आहे. १९९९चा महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध कायदा फक्त वसतिगृहाच्या रॅगिंगसाठी आहे असं अनेकांना वाटतं. पण त्याच्या व्याख्येत शारीरिक इजेबरोबर मानसिक त्रास, धमकी, शिवीगाळ आणि चिडवणंही येतं. विद्यार्थी, पालक किंवा शिक्षक यांपैकी कुणीही संस्थाप्रमुखाकडे लेखी तक्रार करू शकतं, आणि तक्रार मिळाल्यापासून सात दिवसांत चौकशी करणं प्रमुखावर बंधनकारक आहे. त्याने दुर्लक्ष केलं तर कायदा त्याला गुन्ह्यात साथ दिल्याचा दोषी धरू शकतो. तेरा वर्षांच्या मुलांच्या भांडणात पोलीस आणावेत असं मी म्हणणार नाही. वर्गातच प्रश्न सुटला तर उत्तम. पण अर्ज लेखी द्या, त्यात तारखा आणि प्रसंग लिहा आणि एका प्रतीवर शाळेची पोच घ्या. मुलाला घरी किंवा शाळेत कुणाशीच बोलता येत नसेल, तर चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि त्यावर फोन करायला पैसे लागत नाहीत.