बत्तीसचा फरक

१९६३ साली संगणकासाठी अक्षरांना आकडे देणारी आस्की संकेतावली आली, तेव्हा तिच्यात स्मॉल अक्षरं नव्हतीच. टेलिटाइप ३३ सारखी यंत्रं सगळं कॅपिटलमध्येच छापत. कॅपिटल-स्मॉल न पाहता दोन शब्द सारखे आहेत का, हा प्रश्न उभा राहिला तो १९६७ च्या सुधारित आवृत्तीपासून. कॅपिटल ए ६५ वर, स्मॉल ए ९७ वर. प्रत्येक जोडीत नेमका ३२ चा, म्हणजे एकाच बिटाचा फरक. तेवढं बिट दुर्लक्षिलं की दोन्ही शब्द सारखे! तुटपुंज्या मेमरीच्या काळात याहून स्वस्त उपाय कुठला?

स्वस्ताई पुढे नडली. आधी ‘हे अक्षरच आहे ना?’ हे न तपासता बिट गाळलं, तर ९१ वरचा चौकटी कंस १२३ वरच्या महिरपी कंसाशी जुळतो. गंमत म्हणजे स्वीडन-फिनलंडमध्ये हेच उत्तर बरोबर होतं. तिथल्या सात बिटी संकेतावलीत कंसांच्या जागी स्थानिक भाषांतली खास अक्षरं बसवलेली. १९८८ मध्ये फिनलंडमध्ये जन्मलेल्या आयआरसी या गप्पांच्या यंत्रणेने तर हे नियमातच घातलं. १९९३ च्या आरएफसी १४५९ या तिच्या नियमपत्रानुसार महिरपी कंस हा चौकटी कंसाचा स्मॉल अवतार आहे. कंसालाही कॅपिटल-स्मॉल!

तुर्की भाषेने मात्र पायाच हलवला. १९२८ मध्ये स्वीकारलेल्या तिच्या रोमन वर्णमालेत टिंबाचा आय वेगळा, बिनटिंबाचा वेगळा. जावा प्रोग्रॅममध्ये भाषा न सांगता शब्द स्मॉल केला, तर तुर्की सेटिंगच्या संगणकावर कॅपिटल आयचा बिनटिंबाचा आय होतो आणि इतरत्र बिनतक्रार चालणारी तुलना फसते. जर्मन एस्त्सेट (ß) या अक्षराचं कॅपिटल करताना तर एकाची दोन अक्षरं होतात.

म्हणून जगभरच्या लिप्यांसाठीच्या युनिकोड संकेतावलीने ‘केस फोल्डिंग’ आणलं: केवळ तुलनेसाठी दोन्ही शब्द एका साच्यात घालायचे, तो साचा दाखवायचा नाही. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत हे करणारं ‘केसफोल्ड’ २०१२ च्या ३.३ आवृत्तीत आलं. उशीरच म्हणायचा. तुर्कीचा तिढा त्यानेही आपोआप सुटत नाही, कारण भाषा कुठली हे नुसत्या अक्षरांवरून कळत नाही.

देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नाही, म्हणून आपण सुटलो असं वाटतं. पण ‘तऱ्हा’मधला अर्धा र कुणी ऱ वापरून लिहितो, कुणी र, हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही एकसारखे. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारं युनिकोडचं नॉर्मलायझेशनही त्यांना एक मानत नाही. मराठी शोध लिहिणाऱ्याला ही जुळणी हातानेच करावी लागते.